घरी आलेल्या माणसाला विचारावं

सीताफळं आली. काल सकाळी खालच्या रस्त्यावरून आवाज आला आणि मी कणकेचा हात तसाच घेऊन गॅलरीत गेले. हैदराबादेतल्या विद्यानगरच्या आमच्या या गल्लीत आता भाजीसुद्धा पिशवीत बांधून दाराशी येते, पण सीताफळवाली अम्मा अजून डोक्यावर टोपली घेऊनच येते. खाली सीताफळाचीच पानं अंथरलेली, वर फळं. तिनं एकेक हातात घेऊन अंगठ्यानं दाबलं आणि दोन ढीग केले. "ये आज खाना अम्मा, ये परसों." मी दोन्ही घेतले. कच्ची तांदळाच्या डब्यात ठेवली. रात्रीपर्यंत सगळ्या घराला तो गोड, थोडा मातकट वास लागला.

हा वास आला की मला शाळा आठवते. माझी नाही. माझी शाळा चौथीला संपली, आमच्या गावात वर्गच तेवढे होते. आठवते ती माझ्या मुलीची, स्वातीची शाळा. त्या शाळेचं माझ्या मनात जे झालं ते मी कधी कुणाला नीट सांगितलं नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहिते.

तेव्हा आम्ही गौलीगुड्यात राहत होतो. खाली दीर-जाऊ, वर आम्ही. यांचं दुकान बेगम बाजारात, सुक्या मिरच्या, धने, हळद. हे घरी आले की आधी मिरचीचा ठसका आत यायचा, मग हे. सीताफळाच्या दिवसांत हे कच्ची फळं गोदामात धन्याच्या पोत्यांवर पिकत घालायचे. ती खाताना धन्याचा वास यायचा. तशी चव पुन्हा कुठं मिळाली नाही.

ती वर्षंच निराळी होती. जो तो कुठंतरी जायच्या घाईत. शेजारच्या घरात केबल आली, कोपऱ्यावर परदेशी साबणं आली, शहराच्या पलीकडच्या खडकांच्या टेकड्या सुरुंगांनी फुटायला लागल्या आणि तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. यांच्याकडून मिरची नेणाऱ्या एका हॉटेलवाल्यानं सांगितलं, "दुनिया बदल रई सेठ. बच्ची को उदर की नई स्कूल में डालो." यांनी उत्साहानं घातलं. आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. हे म्हणाले, "इंग्रजी फाडफाड बोलेल." एवढं पुष्कळ होतं.

पण स्वाती सहावीत गेली तशी पुस्तकं नाहीत, पाठांतर नाही, नंबर नाही. ती घरी आणायची ते प्रश्न. मिरची तिखट का होते? तिखटपणा मिरचीच्या कुठल्या भागात असतो? गौलीगुड्याला गौलीगुडा का म्हणतात, इथं गवळी कुठं आहेत? काका, जेवायला आधी पुरुष का बसतात? शेवटच्या प्रश्नाला जाऊबाईंच्या हातातली पळी खाली पडली होती, ते मला अजून दिसतं.

आणि मग तो दसऱ्याआधीचा दिवस. हे गुंटूरला खरेदीला निघाले होते. मोठा सौदा होता. पिशवी खांद्याला, एक पाय उंबऱ्याबाहेर. आणि आतून स्वाती म्हणाली, "बाबा, कुठं चाललात?"

घरात सगळं थांबलं. निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये, विचारलं की काम होत नाही, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही कळतं. फार तर जेवायला येणार का, एवढं विचारावं. हे मागं फिरले. चपला काढल्या, पाटावर बसले. मी हातावर साखर ठेवली, पाणी दिलं. मग उठून, जणू पहिल्यांदाच निघतायत असे पुन्हा निघाले. स्वाती दाराच्या मागं उभी राहून बघत होती. तिनं हळूच मला विचारलं, "आई, मी काय केलं?" मी म्हटलं, "टोकलंस." तिनं लगेच पुढचा प्रश्न केला, "पण विचारल्यानं काम कसं बिघडतं?"

सौदा झाला नाही. आधीच कुणीतरी माल उचलला होता.

माझे मोठे दीर, त्यांना सगळे दादा म्हणायचे, जिन्याखालून बोलले ते वरपर्यंत ऐकू यावं असं बोलले. "पैसे भरून पोरीला मोठ्यांना टोकायला शिकवतोस की रे! आमचा किरण बघ. बुकंच्या बुकं तोंडपाठ. विचारलं की उत्तर. याला शाळा म्हणतात. तुझी पोरगी निस्ती विचारते. विचारायला काय, भिकारीपण विचारतो." किरण हा त्यांचा मुलगा, स्वातीच्याच वयाचा. तो रँकवाल्या मोठ्या कोचिंग शाळेत होता आणि त्या दिवसांत त्याच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं होतं. पण ते कुणी बोलत नव्हतं.

हे दादांपुढं कधी उलट बोलले नव्हते. वर येऊन मला म्हणाले, "दिवाळीनंतर किरणच्या शाळेत घालू." स्वातीनं ऐकलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली. दोन-तीन दिवस तिनं घरात एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला ते घर ओळखीचं वाटेना.

त्यात शाळेचा निरोप आला. शनिवारी आई-वडिलांनी यावं, आम्ही कसं शिकवतो ते समजावून सांगू. दिवाळीच्या तोंडावर बेगम बाजारात पाय ठेवायला जागा नसते, हे काही जाणार नव्हते. मला म्हणाले, "तू जाऊन ये."

"मी?"

"हौ. चौथी शिकलेल्या बाईला समजलं तर शाळा खरी. नाही समजलं, तर मी म्हणतो ते करायचं."

ते थट्टेत म्हणाले की खरं, ते मला तेव्हा कळलं नाही. पण पोरीची शाळा माझ्या समजण्यावर टांगली गेली होती.

रिक्षा शहर सोडून खडकांत शिरली. रिक्षावाला वळून वळून सांगत होता, "यहाँ कुच नै था अम्मा. पत्थरां च पत्थरां थे." दोन्ही बाजूला फुटलेले खडक, त्यांची आतली बाजू ताज्या भाकरीसारखी पांढरीफेक. मी पदर घट्ट धरून बसले होते. स्वाती म्हणाली, "आई, काही समजलं नाही तर मला विचार हां." मुलीनं आईला असं म्हणावं, याचं मला हसू आलं आणि धीरही आला.

त्या वर्गात पाय ठेवला आणि माझी पहिलीच पंचाईत झाली. खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. मी अशा ठिकाणी मागच्या ओळीत, भिंतीशी बसणारी बाई. गोलाला मागची ओळच नसते. कुठंही बसलं तरी सगळ्यांना आपण दिसतो आणि आपल्याला सगळे. सुगंधी बायका होत्या, टाय लावलेले बाप होते, एक मिशाळ आजोबा होते. मास्तरीणबाई, पद्मजा मॅडम, साध्या सुती साडीत. त्याही आमच्यातच खुर्ची ओढून बसल्या. उंच टेबल नाही, छडी नाही.

त्या इंग्रजीत बोलत होत्या, मधेच तेलुगूत. स्वाती माझ्या कानाशी लागून सांगत होती. तिचं मराठी वाचन अडखळतच असायचं, बोलणंही चार भाषांचं. "आई, मॅम म्हणते, पहिले क्वेश्चन. मग आपण स्वतः जाऊन शोधायचं. कुणाला विचारायचं, हात लावून बघायचं. मग करून बघायचं. मग बसून विचार करायचा की आपल्याला काय समजलं. मग काय होतं माहीत आहे? नवीन क्वेश्चन येतो. ते संपतच नाही." एवढं बोलून ती हसली, कारण तिला ते न संपणं आवडत होतं.

टायवाल्या बापानं विचारलं, "अदंता सरे मॅडम, रँकु?" ते सगळं ठीक आहे, पण रँक? मला वाटलं, आता या चिडतील. त्या म्हणाल्या, "परीक्षा असतात, पुढं मोठ्याही असतात. पण मूल दुसऱ्याच्या किती मागं आहे ते आम्ही सांगणार नाही. ते स्वतः काल कुठं होतं आणि आज कुठं आहे, ते सांगू." मिशाळ आजोबा मोठ्यानं म्हणाले, "मग आम्ही शेजाऱ्यांना काय सांगायचं?" सगळे हसले. पद्मजा मॅडमही हसल्या. मीसुद्धा हसले. हसू आल्यावर पदर तोंडाशी न्यायचं राहून गेलं.

मग त्या आम्हाला बाहेर घेऊन गेल्या. अंगणात एक खडक होता. शाळा बांधताना तो फोडलेला नव्हता. खालचा खडक घराएवढा, आणि त्याच्या टोकावर दुसरा, हत्तीएवढा, जणू कुणी अलगद आणून ठेवलाय आणि हात काढून घेतलाय. हैदराबादचे असे खडक मी लग्न झाल्यापासून बसमधून पाहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा थांबून बघितला. वरच्या आणि खालच्या खडकामधून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

मॅडम म्हणाल्या, "याच्याबद्दल प्रश्न विचारा. उत्तर कुणी द्यायचं नाही."

मग एक बाई म्हणाल्या, हा पडत नाही कसा? एका साहेबांनी लगेच समजावायला सुरुवात केली, तोल, वजन, काय काय. मॅडम हात जोडून म्हणाल्या, "उत्तर नको सर, प्रश्न." साहेब लाजले. मग विचार करून म्हणाले, "याच्याआधी पडलेले किती असतील?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या माणसाचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग प्रश्न यायलाच लागले. हा तापला की वाढतो का? याच्यावर पहिलं कोण चढलं? सुरुंग लागतात तेव्हा याला कळतं का? मोठी मोठी माणसं, गाड्यांतून आलेली, एका दगडाभोवती उभं राहून विचारत होती. मोठी माणसं अशी मी कधी पाहिली नव्हती.

माझ्याही मनात एक होता. स्वातीच्या कानात म्हटलं, "आमच्या गावाकडं म्हणायचे, दगड वाढतो. खरंच वाढतो का गं?" स्वातीनं हात वर केला. मी तिचा फ्रॉक ओढत राहिले, पण ती बोललीच. "माझ्या आईचा एक प्रश्न आहे."

पद्मजा मॅडमनी माझ्याकडं बघितलं, नीट, सावकाश. मग खडकाकडं बघितलं. आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही."

मला वाटलं माझं काही चुकलं. पण त्यांनी तो प्रश्न इतरांच्या प्रश्नांखाली भल्या मोठ्या कागदावर लिहिला. मला ती अक्षरं वाचता येत नव्हती. स्वातीनं त्यांच्यावरून बोट फिरवून दाखवलं, हे बघ, हे तुझं.

माझ्या गावच्या गुरुजींना सगळं माहीत होतं. माझ्या वडिलांना, सासऱ्यांना, दादांना सगळं माहीत होतं. माहीत नाही असं हसऱ्या तोंडानं म्हणणारं मोठं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. आणि म्हटल्यानं त्या कणभर लहान झाल्या नाहीत. त्या खडकाएवढ्याच मोठ्या वाटल्या मला. इतकी वर्षं झाली, अजून ते आठवलं की मी हातातलं काम थांबवते. माणसानं माहीत नसलेलं कबूल केलं की तिथून शाळा सुरू होते, असं काहीतरी मला त्या उन्हात उभ्या उभ्या वाटलं. ते मला तेव्हा शब्दांत धरता आलं नाही. आताही नीट येत नाही.

परतीच्या रिक्षात स्वाती म्हणाली, "आई, बाबांना काय सांगशील?"

तीच तर अडचण होती. मला समजलं होतं. पण सांगता येणार नव्हतं. पहिले प्रश्न, मग शोध, मग विचार, हे मी म्हटलं असतं तर हे म्हणाले असते, "बरं. आणि?" समजलेलं छातीत असतं, ते तोंडापर्यंत यायला वाट लागते, आणि ती माझ्याकडं नव्हती. मला वाटायला लागलं, मी आयुष्यात विचारलं तरी काय? बघायला आले तेव्हा मला विचारलं, मी उत्तरं दिली. लग्न झाल्यावर माझे प्रश्न एवढेच. वाढू का, मीठ बरोबर आहे का, नळाला पाणी आलं का.

रिक्षा कोठीच्या गर्दीत अडकली आणि मनात आलं, निघालेल्या माणसाला विचारायचं नाही हे खरं. पण घरी आलेल्या माणसाला विचारायला कुठं बंदी आहे? बंदी कुणीच घातली नव्हती. तरी आम्ही कुणी कधी विचारलं नाही. माणसं दिवसभर कुठं कुठं जाऊन आली, ताटावर बसली, उठली. आत काय घेऊन आली होती ते तसंच घेऊन झोपली.

दुपारी उशिरा हे जेवायला आले. दिवाळीची गर्दी, डोळे लाल. मी ताट वाढलं. स्वाती दाराशी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. दोन घास खाऊन हे म्हणाले, "काय मग? समजलं का?"

मी ताटाकडं बघत म्हटलं, "अहो, तुम्हाला लहानपणी कधी काही विचारावंसं वाटलं होतं का? ज्याचं उत्तर मिळालं नाही असं?"

यांचा हात भाकरीवर थांबला. मला वाटलं, ताट सरकवून उठतील. पण हे माझ्याकडं बघत राहिले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तरी तसं पाहिलेलं मला आठवत नव्हतं.

"विहीर," हे म्हणाले.

मग थांबून थांबून सांगू लागले. भालकीकडच्या त्यांच्या शेतावरची विहीर. थंडीच्या दिवसांत पहाटे मोट धरायला वडील न्यायचे. पाय बधिर व्हायचे. पाण्यातून वाफ निघायची आणि पाटात पाय घातले की ऊन ऊन लागायचं. तेच पाणी उन्हाळ्यात गार. "मी विचारलं, आबा, हे असं कसं? कानाखाली एक बसली. म्हणाले, बैल हाक."

"मग?" स्वाती दारातून म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं बापाला काही विचारलं होतं.

"मग काय. बैल हाकले."

"पण ते गरम कसं होतं, बाबा?"

"आता तूच सांग. एवढी मोठी शाळा तुझी."

मी डोळे मिटले. स्वाती म्हणाली, "मला पण माहीत नाही. शोधू या की."

यांनी ताट संपवलं. हात धुतला, चपला घातल्या, निघाले. आम्ही दोघींनी काही विचारलं नाही.

गौलीगुड्याच्या त्या घराच्या मागं एक आड होता. नळ आल्यापासून त्याच्यावर फरशी टाकलेली. रविवारी सकाळी दुकानातले दोन हमाल आले आणि त्यांनी फरशी सरकवली. आतून इतक्या वर्षांचा कोंडलेला गारवा वर आला. यांनी पोती बांधायची सुतळी वळून दोर केला. स्वातीनं बादलीत घालायला कपाटातलं तापमापक आणलं, माणसाचा ताप बघायचं. पारा हलेचना. स्वाती झटकून झटकून पुन्हा बुडवत होती. हे गंभीरपणे म्हणाले, "पाण्याला ताप नाही गं. बरं आहे ते." आणि बापलेक आडाच्या काठावर बसून इतके हसले की पलीकडच्या घरातल्या मावशी, त्यांना सगळे खाला म्हणायचे, कठड्यावरून डोकावल्या. "सेठ, बावली में क्या गिरा जी?"

"सवाल गिरा था, खाला," हे म्हणाले. "बचपन में."

स्वातीनं मग शाळेतून दुसरं तापमापक मागून आणलं. दिवाळी आली आणि गेली. सकाळी हवा बोचायला लागली. हे दुकानात जायच्या आधी आडावर, आणि दुपारी जेवायला आले की पुन्हा आडावर. स्वाती कोळशानं भिंतीवर पाण्याचे आणि हवेचे आकडे लिहायची, मी भिंत पुसायची नाही. दादा जिन्यातून म्हणायचे, "मिरची सोडून पाणी विकायचं ठरलं का?" हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एका सकाळी स्वाती भिंतीपुढं पुष्कळ वेळ उभी राहिली. मग सावकाश म्हणाली, "बाबा, पाणी बदलतच नाही. सकाळी तेच, दुपारी तेच. हवा बदलते. आपले पाय गार पडतात, म्हणून आपल्याला ते ऊन लागतं."

हे आडाच्या काठावर बसले. मी चुलीपुढून खिडकीतून बघत होते. एवढा दांडगा माणूस, ज्याला पोत्यात हात घालून मिरचीचं गाव सांगता येतं, तो आपल्या पायांकडं बघत बसला होता. मला वाटतं तो त्या वेळी पाटात उभा होता, आणि या खेपेला त्याला कुणी मारलं नव्हतं.

तिकडं दादांच्या मनातून विषय गेला नव्हता. थंडी चांगली पडली तेव्हाची गोष्ट. ते कानावरून शाल घेऊन, दोन्ही हात शालीत धरून आडाशी आले. "काय रे, दिवाळी होऊन किती दिवस झाले. किरणच्या शाळेत मी शब्द टाकून ठेवलाय. कधी नेतोस पोरीला?"

स्वातीच्या हातात दोर होता. तिनं तो सोडला नाही, ओढलाही नाही. मी खाली मागच्या दारात येऊन उभी राहिले.

यांनी तिच्या हातातून दोर घेतला. बादली वर ओढली, त्यातून वाफ निघत होती. ती दादांच्या पायाशी ठेवली. "पोरगी आहे तिथंच राहील, दादा," हे म्हणाले. "पण आधी यात हात घाला."

"कशाला?"

"घाला तर."

दादांनी यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग कुरकुरत वाकले आणि एक हात पाण्यात घातला. कुरकुर थांबली.

"अरे, हे ऊन कसं काय?"

उत्तर कुणी दिलं नाही. दादा तसेच वाकलेले होते, आणि थोड्या वेळानं त्यांनी शालीतून दुसराही हात काढला.